खालचं ओलं हाय गो

भुताखेताचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. केमिस्ट्री शिकलेय, रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तरीही हे लिहितेय... हसायचं तर खुशाल हसा!

माझं माहेर पेणजवळचं जोहे. बाबांचा गणपतींचा कारखाना. रंगाचा हात देण्याआधी बाबा बोटाच्या पेरानं मूर्तीच्या पाठीवर दोनदा ठोकायचे. सुकलेली मूर्ती टणटण बोलते, ओली बद्द वाजते. सातवीत असताना मी घाईघाईत एका मूर्तीच्या पीतांबराला पिवळा रंग मारून टाकला. दोन दिवसांत पोपडे! वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण बाबांनी माझंच बोट धरून मूर्तीवर ठोकलं. "ऐकलंस? खालचं ओलं हाय गो. घाय नको करू."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. रंगाचा वास आला की अजून मी मागे वळून बघते.

तर लॅबचं. आम्ही नव्या प्रकारच्या सोलर सेलवर काम करतो. काचेवर ऊन शोषणारा एक थर, आणि त्यावर तिथला चार्ज पुढे वाहून नेणारा पॉलिमरचा थर – केसाहून कितीतरी पातळ. तो पॉलिमर मी आठ महिने खपून बनवला होता. चार काचांपुरती एकच बाटली उरलेली. "यातून सेल चालला नाही तर हे काम बंद," साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

गेल्या ऑगस्टमधली दुपार, तीन वाजलेले. ग्लोव्हबॉक्समध्ये – म्हणजे हवाबंद पेटी, रबरी हातमोज्यांतून आत काम करायचं – हॉटप्लेटवर पहिला थर दिलेल्या चार काचा सुकत होत्या. टायमर वाजला. चिमट्यानं पहिली काच उचलून थर पसरवणाऱ्या फिरत्या चकतीवर ठेवली, ड्रॉपर भरला, आता थेंब सोडणार तोच...

बद्द. बद्द.

मी ड्रॉपर बाजूला घेतला. काचेवर नाहीतर स्टीलवर ठोकलं तर टणटणच वाजणार ना? हा आवाज ओल्या मातीचा होता.

"ताई, आतून कोण ठोकतंय?" शेजारच्या टेबलावरची अमृता म्हणाली. म्हणजे तिनंही ऐकलं!

मी हॉटप्लेट पाहिली. बंद. प्लग सैल झाला होता; टायमर वेगळा, म्हणून तो बिचारा वेळेवर वाजला. खालचा थर ओलाच होता. वर पॉलिमर पडला असता तर आठ महिने पाण्यात!

काचा पुन्हा नीट सुकवल्या. संध्याकाळी दिव्याखाली सेलनं करंट दिला, तेव्हा अमृता नाचली आणि मी हमसून हमसून रडले.

नंतर व्हॉल्व्ह, पंप, पाइप – सगळं ठोकून पाहिलं. तसा आवाज कशातूनच निघत नाही.

आणि खरं सांगू? पुढच्या महिन्यात लॅबमध्ये कोणी नसताना मी एक काच मुद्दाम ओलीच घेतली. ड्रॉपर वर धरून कितीतरी वेळ थांबले. "बाबा, घाय करतेय मी, बघा ना," असं चक्क मोठ्यानं म्हणाले.

काही वाजलं नाही. काच तेवढी फुकट गेली.