मागच्या खोलीचा रेडिएटर

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर खाली कमेंटमध्ये शंका काढणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. घरात देव आहेत, पण आत्मा-बित्मा... नाही. आजही "मानतो" असं म्हणणार नाही. जे झालं ते सांगतो. कुणाला कारण सापडलं तर खरंच कळवा.

आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला राहतो, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. घर जुनं आहे. घर तापवायला इथल्या बहुतेक घरांत गरम हवेचे झोत येतात. आमच्याकडे मात्र तळघरात बॉयलर आणि खोल्याखोल्यांत गरम पाण्याचे रेडिएटर. मागच्या ऑक्टोबरमध्ये जुने लोखंडी काढून नवे सात बसवून घेतले. कारण एकच – बाबा येणार होते. पहिल्यांदा.

बाबा दारव्ह्याला, यवतमाळ जिल्ह्यात, पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. म्हणजे कुठल्या मोहल्ल्याला कधी आणि किती पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातात. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून निघायचे. चावीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला – पाणी कुठवर पोचलं ते नुसतं ऐकून सांगायचे. त्या नोकरीवर त्यांनी मला इंजिनिअर केलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी इथल्या लोकांना अभिमानाने सांगतो... म्हणजे, सांगायचो.

बाबांचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांना खालच्या मजल्यावरची मागची खोली दिली. आणि नेमका तिथलाच रेडिएटर तापेना. बाकी सहा कडक गरम, हा कोमट. ज्याने बसवले तो टेक्निशियन, ग्रेग, येऊन छोट्या चावीने त्यातली हवा काढून गेला. फुस्स आवाज झाला, अर्धा तास ऊब आली, पुन्हा गार. आठवड्याने तो परत आला. पुन्हा तेच सुरू.

बाबा माकडटोपी घालून खुर्चीत बसून बघत होते.

"हवा नाही त्यात," ते मला म्हणाले. "पुढचे साही जण पाणी ओढून राह्यले. शेवटच्याले पोचतच नाही. पुढच्यायचे वॉल जरा आवळ म्हणा त्याले."

"बाबा, नवी सिस्टीम आहे ही. आपोआप ॲडजस्ट होते."

"सिस्टीम नवी आहे. पाणी त तेच आहे ना?"

ग्रेग तळघरात गेला तेव्हा बाबा उठले, किचनमधून लाटणं घेऊन आले, आणि जमिनीवर गुडघे टेकून लाटण्याचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला लावून बसले. डोळे मिटलेले. ग्रेग वर आला आणि दारातच थांबला. तो हसला नाही, हे मला आज आठवतं. कुतूहलाने बघत होता फक्त. पण मला काय झालं कुणास ठाऊक. कॉलेजात "वॉलमनचा पोरगा" म्हणायचे तेव्हा वाटायची तशीच लाज वाटली.

"बाबा, उठा ना प्लीज. हे काय दारव्ह्याचे नळ आहेत का? वॉरंटी जाईल. इथे कशालाच हात नका लावू."

मराठीत बोललो, पण आवाजावरून ग्रेगलाही कळलं असणार. तो खाली बघायला लागला.

"बरं," बाबा म्हणाले. भिंतीला धरून उठले. लाटणं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

जाताना ग्रेगने सगळ्या व्हॉल्व्हच्या टोपणांवर कंपनीची स्टिकरं लावली. ती फाटली तर वॉरंटी संपली. तो म्हणाला, थोडे दिवस द्या, सिस्टीम सेटल होईल.

झाली नाही. ऑफिसमध्ये नव्या प्रॉडक्टच्या रिलीजची गडबड होती, मी पाठपुरावा केला नाही. बाबांना विचारलं की "मस्त आहे" म्हणायचे. प्लगवाला हीटर आणून दिला, तर तो न विचारता लावायचेही नाहीत. एकदा ईरा, माझी आठ वर्षांची मुलगी, म्हणाली, "बाबा, आजोबा शूज घालून झोपतात. आय सॉ." मी म्हटलं, अगं, त्यांना इथल्या थंडीची सवय नाही. बस. एवढंच म्हटलं मी.

एप्रिलपर्यंत राहायचं ठरलं होतं. जानेवारीत म्हणाले, "मले आता सोडून दे. गावाकडं कामं आहेत." रिटायर होऊन नऊ वर्षं झालेल्या माणसाला कसली कामं? मी विचारलं नाही. तिकीट बदललं.

सहा आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. बाबा सकाळी चहा पिऊन बसल्या जागीच गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी त्यांना तीनदा विचारलं, थंडीचा काही संबंध? ते म्हणाले, नाही. मग चौथ्यांदा विचारलं.

आम्ही तिघंही – मी, बायको, ईरा – दारव्ह्याला गेलो. नेपरव्हिलच्या घराची किल्ली सुधाकाकूंकडे दिली होती – दोन घरं सोडून राहतात, रिटायर्ड डॉक्टर. पाइप गोठू नयेत एवढ्यापुरता बॉयलर अगदी कमीवर ठेवला होता. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"अरे, तू तर म्हणायचास मागची खोली गार असते! मी घर बघायला आले ती तिथेच बसले. बाकी घर थंडगार, आणि त्या रेडिएटरला हात लावला तर चटका बसला."

"काकू, दुसरी खोली असेल."

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, वेंधळी नाही झाले अजून. बाबांची खोली कळते मला."

परत आलो. खोली गरम. बॉयलर नेहमीसारखा वर केला, तर सातही रेडिएटर एकसारखे तापायला लागले. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. अश्विनी, माझी बायको, नुसती त्या खोलीच्या दारात उभी राहिली.

मी ग्रेगला बोलावलं. तो स्टिकरं बघत घरभर फिरला. सातही अखंड. कडासुद्धा उचललेल्या नव्हत्या. मग त्याने ती स्वतः फाडली, टोपणं काढली आणि पान्याने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते मोजलं. बसवताना त्याने सगळे पूर्ण उघडे ठेवले होते, त्याच्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं. आता हॉलचा अर्धा फेरा उघडा. किचनचा पाऊण. पुढे एक, सव्वा, दीड... बॉयलरपासून जसजसे लांब तसतसे जास्त उघडे. मागच्या खोलीचा पूर्ण उघडा.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं. "हे मीच करायला हवं होतं. पण मला इतकं अचूक नसतं जमलं. ज्याने केलं त्याने आयुष्यभर हेच केलं असणार."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "युवर डॅड?"

मी म्हटलं, "ही पास्ड अवे."

तुम्ही जे विचाराल ते सगळं मी विचारून झालोय. जानेवारीत जाण्याआधी बाबांनीच केलं असेल? मग स्टिकरं? आणि ते गावी परतल्यावर मी त्याच खोलीत ऑफिसचं टेबल टाकलं होतं. आम्ही दारव्ह्याला निघालो त्या दिवसापर्यंत तिथे बोटं गारठत होती. ग्रेग म्हणतो, असा बदल केला की तासाभरात फरक पडतो, सहा आठवडे लागत नाहीत. काकूंकडे पाना नाही आणि त्यांना खाली वाकता येत नाही. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. दाराच्या कॅमेऱ्यात फक्त काकू येताना-जाताना दिसतात. मी शोधणं सोडलेलं नाही.

अश्विनी मला समजावते. म्हणते, "बघ, रागावले नव्हते ते. रागावलेला माणूस एवढ्या लांब येऊन काम करून जाईल का?"

मलाही तसंच वाटावं असं फार वाटतं. पण डोक्यातून एक गोष्ट जात नाही. आमच्या घरात कायम कुणी ना कुणी असतं. ते आले असतील, तर घर पूर्ण रिकामं होतं तेव्हाच आले.

मी घरी असतो तर पुन्हा म्हणालो असतो ना, हात नका लावू.