उलटं वाचणारे जमादार

जमादारांच्या हातात कुणी पुस्तक दिलं की ते आधी फिरवून उलटं करायचे आणि मग वाचायला लागायचे. सरळ अक्षरांपुढे ते आमच्यासारखेच अडखळायचे. उलटी मात्र घडाघडा वाचायचे, मग ते पंचांग असो, भजनाची वही असो की नाटकाची जाहिरात. त्यांचा वर्गही तसाच भरायचा. मध्ये एक पुस्तक, या बाजूला आम्ही चार-पाच पोरं आणि समोर ते. एका पुस्तकात दोन्ही बाजूंचं भागायचं. गल्लीतले टवाळ लोक त्यांना 'उलटे जमादार' म्हणायचे आणि आम्ही मुलं 'जमादारजी'.

मला राग लवकर येतो आणि आला की जात नाही, हे आधीच सांगून टाकते. तो मध्यभारताचा काळ होता. होळकरांचं इंदूरचं राज्य नुकतंच मध्यभारतात विलीन झालेलं, वडील नव्या सरकारच्या कचेरीत कारकून आणि मी मराठी चौथीत. मला वाचता येत नव्हतं. पाठांतर दांडगं होतं, त्यावर तीन इयत्ता निभावून नेल्या. मग एक दिवस शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले आणि त्यांनी न शिकवलेलं पान माझ्यापुढे उघडलं. मी वाचायला उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, हसून म्हणाल्या, "ही नुसती जागा अडवून बसते." इन्स्पेक्टर हसले, मग सगळा वर्ग हसला. त्याच संध्याकाळी वडिलांना बोलावून बाईंनी सांगितलं, की हिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, घरकामाला लावा. वडिलांना ते पटलं. आई मात्र हटून बसली. शेवटी असं ठरलं, की जुलैत शाळा उघडल्यावर बाईंनी माझी वाचनाची फेरपरीक्षा घ्यायची. पास झाले तर पाचवी, नाही तर शाळा कायमची बंद.

आमच्या घरामागे एका खोलीत जमादार एकटेच राहत. त्यांचे पणजोबा, आजोबा होळकरांच्या फौजेत होते. हे स्वतः दफ्तरात जमादार, म्हणजे साहेबांच्या खोलीतले मुख्य शिपाई होते. नोकरी संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते वाचनात मागे पडलेल्या पोरांना ओट्यावर घेऊन बसायचे. आईने मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. वाटलं, आता हेही पुस्तक उघडणार. त्यांनी पुस्तकाला हातच लावला नाही.

"कुणी म्हटलं तुला, की वाचता नाही येत?"

"मोठ्या बाईंनी."

"और कोण कोण हसलं?"

मी इन्स्पेक्टरांपासून सुरुवात केली आणि बाकावरच्या मुलींची नावं एकेक करून सांगितली. प्रत्येक नावाला ते गंभीरपणे मान हलवत होते.

"बस. इतके दुश्मन काफी आहेत," ते म्हणाले. "आता बैठ."

त्यांच्याकडे प्रत्येक पोराचा असा एक दुश्मन ठरलेला असे. कुणाचा काका, कुणाचा थोरला भाऊ, एकाचा तर शेजारचा पोपट बाळगणारा वाणी, कारण तो म्हणाला होता, माझा मिठ्ठू तुझ्यापेक्षा बरा बोलतो. वडिलांनी एकदा हसत हसत विचारलं, "जमादार, पोरांना हे काय भलतंच शिकवता?" ते सगळ्यांना इंदुरी बोलीत 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे. म्हणाले, "भिया, ज्याला कुणाचा गुस्साच नाही, त्याला मी काय शिकवणार? तो तर मजेत आहे."

शिकवायची त्यांची रीत साधी होती. कडुनिंबाची सोललेली काडी शब्दाखालून सरकत जायची आणि आमच्या जिभेने तिच्यामागे धावायचं. "रुकायचं नाही. अडलं तर सोडून दे, पुढे चल, लौटून घेऊ त्याला." पुस्तक एकच, ते लवकर तोंडपाठ व्हायचं, आणि पाठांतराचा त्यांना भारी तिटकारा. म्हणून किराण्याच्या पुड्यांचे कागद ते उलगडून, सारखे करून जपून ठेवायचे. त्यावर कुठली तरी अर्धी बातमी, कशाचा तरी निम्मा निकाल. ते वाचताना मला पाठांतर कामी येईना. पहिले पंधरा दिवस मी रडत घरी जात होते. त्यांनी कधी माझे डोळे पुसले नाहीत. "रड, पण वाचता वाचता रड," एवढंच म्हणायचे.

चतुर्थीला ते आम्हाला पायी खजराण्याच्या गणपतीला न्यायचे. वाटेतली प्रत्येक पाटी वाचायची. तिथेच एका हारवाल्याच्या दुकानावरची आख्खी ओळ मी न थांबता वाचली. आयुष्यातली पहिली. मला आनंद वगैरे झाला नाही. मोठ्या बाईंचं हसतं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि मी पुढची पाटी दुप्पट मोठ्याने वाचली. हारवाला दचकला. जमादार खूश झाले. म्हणाले, "ऐसा!"

एकदा बाकीची पोरं घरी गेल्यावर मी त्यांना विचारलं, "जमादारजी, तुमचा दुश्मन कोण?" त्यांनी काडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांच्या साहेबांच्या खोलीत गुप्त कागद लिहिले जात. टेबलासमोर उभा राहणारा माणूस निरक्षर हवा, असा साहेबांचा नियम होता. तरुण जमादारांना घेताना साहेबांनी त्यांच्यापुढे दोन-तीन कागद धरले, यांना काही येत नाही याची खात्री केली आणि मगच ठेवून घेतलं. पण साहेबांना लिहिताना पुटपुटायची खोड होती. समोर उभ्या जमादारांच्या कानावर शब्द पडायचा आणि त्याच क्षणी तो कागदावर उमटताना दिसायचा, फक्त उलटा. दोन-अडीच वर्षांत त्यांना वाचता यायला लागलं. सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, वर चोरून वाचल्याचा आळ आला असता. वीस वर्षं ते साहेबांचे कागद वाचत उभे राहिले आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. कुणाची बदली, कुणाची बढती, सगळं त्यांना आधी कळायचं. त्यातलं एक अक्षर त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

मग राज्य विलीन झालं आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं याच्या याद्या सुरू झाल्या. एका दुपारी साहेब लिहीत होते आणि जमादार नेहमीसारखे समोर उभे होते. त्या एका ओळीला साहेब पुटपुटले नाहीत. तरीही जमादारांनी वाचली. 'कमरे का जमादार. अनपढ़. नए काम के लिए अयोग्य.'

"मग तुम्ही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलणार बेटा? येतं म्हणावं तर वीस वर्षांची चोरी कबूल. नाही म्हणावं तर अनपढ. साहेबांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं."

हे ऐकून मला साहेबांचा इतका राग आला, की मोठ्या बाई त्यापुढे बऱ्या वाटल्या. आणि ते साहेब काही लांब गेलेले नव्हते. तेव्हा मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. उन्हं तापली की सगळं सरकार कागदपत्रांसकट आमच्या गावी यायचं. साहेब आता मोठ्या हुद्द्यावर होते. तेही यायचे आणि बंगल्याच्या व्हरांड्यात सकाळी चहा घेत बसायचे. मेच्या मध्यावर जमादारांनी आमचा वर्ग ओट्यावरून हलवला आणि थेट त्या बंगल्यासमोरच्या कडुनिंबाखाली नेला. वेळ ठरलेली, साहेबांच्या चहाची.

"मोठ्याने," जमादार म्हणायचे. "फाटकाच्या आत जायला पाहिजे."

आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडून वाचायचो. माळी हाकलायला आला तर जमादार त्याला शांतपणे सांगायचे, "सडक सरकारची आहे, बच्चे पढून राहिले." एकदा साहेबांनी पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं आणि उठून आत गेले. जमादारांनी तेवढ्यावर आम्हा सगळ्यांना पोहे खिलवले. त्या महिन्याभरात माझं वाचन सुधारलं ते पुस्तकामुळे नाही, साहेबांचा चहा बेचव करण्याच्या इच्छेमुळे. झाडाखाली सावली कमी पडली की मी जमादारांच्या बाजूला जाऊन बसायचे, त्यामुळे मला त्यांच्यासारखं उलटंही थोडं थोडं वाचता यायला लागलं होतं.

जुलैत शाळा उघडली. बाई खुर्चीवर, मी टेबलाच्या या बाजूला उभी आणि वडील मागे बाकावर. बाईंनी नवं पुस्तक दिलं. मी वाचायला सुरुवात केली. बाईंचं लक्ष नव्हतंच. माझं अर्धं पान होतंय तोवर त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि पुढ्यातल्या रजिस्टरात लिहिलं. मी पुस्तकावरून पाहिलं. माझ्या नावापुढे 'वाचन : नापास' लिहिलेलं होतं, शाई अजून ओली होती.

"बाई, तुम्ही नापास लिहिलंत," मी म्हटलं. "माझं पान अजून व्हायचंय."

बाईंनी रजिस्टरावर हात ठेवला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता आणि मी तो डोळे भरून पाहिला. वडील उठून टेबलापाशी आले. जन्मात पहिल्यांदा ते माझ्या बाजूने बोलले, "पान होऊ द्या, बाई." मी ते पान वाचलं, मग पुढचं वाचलं, मग कुणी न सांगता तिसरं वाचलं. बाईंना ते 'नापास' आपल्या हाताने खोडावं लागलं. ते खोडताना टाक कागदावर करकरला, तो आवाज मला आजही गोड वाटतो.

मी धावत जमादारांकडे गेले. वाटलं होतं, उचलून घेतील. सगळं ऐकून ते म्हणाले, "तू बोललीस?"

"हो."

"तोंडावर?"

"हो. आणि त्यांना खोडावं लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतला जुना कोट काढला, पगडी बांधली आणि मला हाक मारली. आम्ही कडुनिंबापाशी थांबलो नाही. फाटक उघडून आत गेलो. साहेब आणि त्यांच्या पत्नी चहा घेत होते.

"अरे, जमादार तू!" साहेब हसले. पत्नीला म्हणाले, "हा आमच्या खोलीत होता, जुना माणूस. काय बरं तुझं नाव?" तेवढ्यात नोकर दुधाचं भांडं घेऊन आला आणि ते नाव तसंच राहून गेलं.

जमादारांनी हात जोडले नाहीत. ताठ उभं राहून म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिलं होतं, कमरे का जमादार, अनपढ. मी तेव्हाच वाचलं होतं. वीस वर्षं तुमचा हर कागद वाचला."

मी साहेबांच्या रागाची वाट पाहत होते. साहेब खदखदून हसले.

"उलटं? टेबलाच्या त्या बाजूने? कमाल आहे! अरे, मग बोलायचं नाहीस का? तेव्हा तर आम्ही वाचता येणारा विश्वासाचा माणूस शोधत होतो. ग्वाल्हेरला सोबत नेला असता तुला. बस, चहा घे."

जमादारांनी चहा घेतला नाही. घरी येताना ते माझ्या पुढे चालत होते. वाटेत एकदाच बोलले, "गुस्सा पण नाही आला त्याला." मी साहेबांना माझ्या तोंडी शोभणार नाहीत अशा शिव्या दिल्या. त्यांनी मला गप्प केलं नाही.

त्यानंतर वर्ग परत ओट्यावर आला, पण फार दिवस चालला नाही. दिवाळीनंतर सरकार ग्वाल्हेरला गेलं आणि जमादार हातोदला मुलीकडे गेले. जाताना पुड्यांच्या कागदांचा गठ्ठा मला देऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते येतील म्हणून मी पाचवीचं पुस्तक घेऊन त्यांच्या बंद दाराशी दोन-तीनदा जाऊन आले.

पावसाळ्यात हातोदहून एक पोस्टकार्ड आलं. तोवर घरातली सगळी पत्रं वाचायचा मान माझ्याकडे आला होता. आई भाजी चिरत होती, मी मोठ्याने वाचू लागले, की आमचे वडील सखाराम बापूजी जगदाळे यांना सोमवारी देवाज्ञा झाली.

"हे कोण गं सखाराम?" आईने विचारलं.

मलाही कळेना. मी कार्ड पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की बाबा शेवटपर्यंत तुमच्या मुलीच्या परीक्षेची गोष्ट सगळ्यांना सांगत होते. मग कळलं. आईने विळी बाजूला केली. असं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. ते फाडायला तिने हात पुढे केला. मी दिलं नाही.

ते कार्ड आज सुदामानगरच्या घरात माझ्या कपाटात आहे. ज्या माणसाने वीस वर्षं समोर उभ्या असलेल्याचं नाव लक्षात ठेवलं नाही, त्या साहेबांना मी जन्मभर शिव्या दिल्या आणि त्यातली एकही परत घेणार नाही. पण ते नाव मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.