टोपीचं माप

मेंदूला सूज येते, हे वाक्य मी न्हावऱ्याला, गावच्या घरी ओट्यावर बसून बोलायलाच नको होतं. पण पुण्यातल्या प्रयोगशाळेत दिवसभर तोंडाला मास्क असतो, त्यामुळे गावी आले की माझं तोंड सुटतं.

त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, एकाच म्हशीची दोनदा धार काढायला बसले होते. म्हशीने लाथ झाडून आठवण करून दिली. असलं विसरणं वर्षभर चाललं होतं. त्यांना पुण्याला तपासणीसाठी न्यायचं म्हणून मी समजावत होते. ज्या आजारात माणूस हळूहळू विसरत जातो, त्यात मेंदूच्या आत बारीक सूज असते आणि माझं सगळं काम त्या सुजेवरच आहे, असं म्हटलं.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पार कानापर्यंत ओढली.

"सूज आसती तर टोपी घट्ट झाली आसती. ही बघ, उलट सैल हाय."

झालं! एवढी शिकलेली मी, टोपीपुढे गार. आतली सूज अशी बाहेरून कळत नाही हे सांगता सांगता माझा घसा बसला. त्यात आई चुलीपासून ओरडली, "हळदीचा लेप लावू का गं त्यांच्या कपाळाला?" मी भडकले. मला राग चटकन येतो आणि तो आलेला बघायला आप्पांना फार आवडतं.

शेवटी दारातलं कुत्रं मदतीला घेतलं. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, म्हटलं. घाण साफ करतात, जंतू आला की धावून जातात. पण कधी कधी चोर पळून गेला तरी त्या थांबत नाहीत, घरच्यांनाच चावत सुटतात.

"मंग कुत्रं मारायचं का बांधायचं?"

आमच्या क्षेत्रातली मोठी माणसं ज्यावर तावातावाने भांडतात, तो प्रश्न आप्पांनी तंबाखू मळता मळता विचारला होता. मारलं तर राखण कोण करणार? बांधायचं तर कधी आणि किती वेळ?

"तेच शोधतोय, आप्पा."

"शोधा. सापडलं की सांग. तवर टोपी सैल हाय."

पुढे दर फोनवर मी आधी टोपीची चौकशी करायची. "सैल!" म्हणून ते खो खो हसायचे. तपासणीला आले, पण आणखी एक वर्ष घालवून. जे निघेल असं मला वाटत होतं, तेच निघालं.

मागच्या दिवाळीत मी शिरूरला एसटी बदलून घरी पोहोचले आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर बसवली. माझा अंबाडा मोठा, ती काही खाली उतरेना.

"लई घट्ट हाय. सूज दिसतीय तुम्हाला."

मी खळखळून हसले. हसता हसता ते 'तुम्हाला' माझ्या कानात शिरलं. जन्मात कधी त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आप्पांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"घाबरू नका, बाई. माझी पोरगी पुण्यात ह्याच कामाला हाय. जरा तापट हाय, पण तिलाच दाखवा."