हिरव्या साडीशेजारी टकला

जिजीला मोबाईलमधल्या बाहुल्यांचासुद्धा अबोला बघवत नसे. खरी माणसं तर सोडाच.

जिजी म्हणजे माझी मोठी नणंद. जन्म कणकवलीकडचा, पण वडील गिरणीत लागले म्हणून लहानपणीच मुंबईत आली. गिरणी बंद पडली, पाठोपाठ वडील गेले आणि दोन धाकट्या भावांची आई व्हायची पाळी तिच्यावर आली. मरोळच्या एका कंपनीत गोळ्या-औषधांच्या पॅकिंगला उभं राहून तिनं दोघांना शिकवलं, दोघांची लग्नं लावली आणि स्वतःचं करायचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर ती मुलुंडला आमच्याकडे राहायला आली. आयुष्य मुंबईत गेलं तरी तिची मालवणी एका काना-मात्रेनं हलली नव्हती. मी पडले सांगलीची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती माझ्याशी बोलतेय की मला रागावतेय हेच मला कळत नसे.

मीही निवृत्त झाले तेव्हा मोबाईलवर एक खेळ लागला. लागला म्हणजे दारूसारखा. त्यात गोल टेबल असतं, भोवती रिकाम्या खुर्च्या असतात आणि खाली पाहुणे उभे असतात. प्रत्येकाची काहीतरी अट. हिरव्या साडीवालीला टकल्याशेजारी बसायचं नाही, टोपीवाल्याला कुत्र्याशेजारीच बसायचंय, आजीबाईंना खिडकी हवी. सगळ्यांच्या अटी पाळून बसवलं की टाळ्या वाजतात, चुकलं की एक लाल बदाम फुटतो. मी भराभर लेव्हल ओलांडत गेले आणि आपल्या डोक्याला आजवर कोणी न्याय दिला नाही, अशी माझी खात्री होत गेली. बँकेची, दवाखान्याची, रेशनची अशी कुठलीही रांग मला आता लहान वाटे. माझा नंबर येऊन गेलेला मला मागच्या माणसाने सांगावं लागे.

एका दुपारी जिजी चष्मा पुसत माझ्या फोनमध्ये डोकावली. "ही हिरवी साडीवाली कोण गो?"

"कोणी नाही जिजी, खेळातली आहे."

"मगे तिचा नि त्या टकल्याचा काय बिनसला?"

"काही बिनसलेलं नाही. ती नुसती अट आहे."

"अट घातली कोणी? तिना काय तेना?"

शंभरावर लेव्हल सोडवलेल्या बाईला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याचं मला जरा वाईट वाटलं. मग जिजीनंच ठरवून टाकलं की टकला तिचा दीर असणार आणि लग्नात मानपानावरून काहीतरी झालेलं असणार. "बाजूबाजूक बसय तेंका," ती म्हणाली. "बसली की बोलतली." मी नको नको म्हणेपर्यंत तिनं बोटानं टकल्याला उचलून हिरव्या साडीशेजारी ठेवला. बदाम फुटला. "बघ, लाजली," जिजी म्हणाली.

त्यानंतर रोज दुपारी हे चाले. खेळाडू म्हणून जिजी अगदीच टाकाऊ होती. एकही लेव्हल तिला कधी सुटली नाही, कारण अटी तिला मान्यच नव्हत्या. "म्हातारी केव्हापासून उभी आसा, नि तू कुत्र्याक जागा शोधतस?" असं म्हणून ती आधी म्हातारीला पहिल्या दिसेल त्या खुर्चीत बसवी. सगळे बदाम फुटले की जाहिरात बघावी लागते. ती जाहिरातही ती मन लावून बघे आणि त्यातल्या माणसांची चौकशी करी. मी तिला तर्कशास्त्र शिकवायला जायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "गप ऱ्हवान भांडाण मिटणा नाय गो, मुरता."

हे ती खेळाबद्दल बोलत नव्हती, हे मला कळत होतं. तिचे दोन्ही भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माझा नवरा विजय थोरला, बोरिवलीचा बाळा धाकटा. भांडण गणपतीवरून. त्यांच्या घराण्याचा गणपती एकच. गावचं घर बंद पडल्यावर तो थोरल्याकडे, म्हणजे मुलुंडला आला आणि सगळ्यांनी इथंच जमायचं असा रिवाज पडला. एका वर्षी बाळानं बोरिवलीला स्वतःचा वेगळा गणपती आणला, आणि विजयला ते कळलं फोनवर आलेल्या फोटोतून. आमच्याकडे वेगळा गणपती म्हणजे चूल वेगळी केल्यासारखंच. तेव्हापासून चतुर्थीला जिजी सकाळची आरती मुलुंडला करायची आणि डबा घेऊन लिंक रोडनं बोरिवली गाठायची. दोन्हीकडे अर्धंच जेवायची. तिला आता एकच हवं होतं. डोळे मिटायच्या आत दोघं भाऊ एका पंगतीत जेवताना बघायचे होते. हे ती लपवून ठेवत नसे; गॅसवाल्यालासुद्धा सांगे.

म्हणून तिची पंचाहत्तरी करायचं ठरलं तेव्हा कोणी कुठे बसायचं हे काम मी स्वतःहून मागून घेतलं. हे माझ्या विषयातलं होतं. हॉलमध्ये गोल टेबलंच होती, हा तर मला शुभशकुन वाटला. मी डायनिंग टेबलावर कांदे, बटाटे, लसूण, लिंबं मांडली आणि कामाला लागले. विजय बटाटा, बाळा कांदा. त्यांची तोंडंसुद्धा एकमेकांना दिसता कामा नयेत. बाळाची बायको सुषमा म्हणजे लिंबू, ते मी स्वतःपासून आपसूकच लांब सरकवलं. चुलत सासऱ्यांना पंख्याखाली हवं, चुलत सासूबाईंना पंखा सोसत नाही. मामेभाऊ विम्याचा एजंट, त्याच्या तावडीत कोणी सापडायला नको, म्हणून त्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कानानं अधू असलेली काकी. विजय मधेच येऊन विचारून गेला, "आज भाजी कसली आहे?" जिजी शेजारी बसून बघत होती. तिनं हळूच कांदा उचलून बटाट्याजवळ ठेवला. मी तो परत जागेवर नेला.

"कांदे-बटाटे एकाच टोपलीत ऱ्हवतत गो," ती म्हणाली.

"म्हणूनच बटाट्यांना मोड येतात, जिजी."

ती हसली आणि लसूण सोलायला घेतला. माझे दोन नातेवाईक त्यात गेले.

तरीही शेवटी सगळं जमलं. एकाही माणसाची एकही अट मोडली नव्हती. पंचाहत्तरीच्या दिवशी मी दारातच उभी राहून एकेकाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवलं. विजय स्टेजजवळ, बाळा हात धुवायच्या नळांजवळ, मधे एक जाड खांब. जिजीला मधोमध सजवलेली खुर्ची, कोंबडी-वड्यांचं ताट, गळ्यात हार. मी हातात कागदी पंखा घेऊन सेनापतीसारखी फिरत होते आणि मनातल्या मनात टाळ्यांची वाट बघत होते.

टाळ्या सोडाच, हॉलमध्ये आवाजच नव्हता. आधी वाटलं, वडे चांगले झालेत. मग लक्षात आलं की कोणी कोणाशी बोलतच नाहीये. ज्याचं ज्याच्याशी काही होतं, त्या दोघांना मी इतकं नेटकं लांब केलं होतं की प्रत्येकाच्या शेजारी असा माणूस आला होता ज्याच्याशी त्याला बोलण्यासारखं काहीच नव्हतं. विमावाला मामेभाऊ काकीला "काकी, बरं आहे ना?" असं विचारून थकला होता. चुलत सासरे पंख्याखाली एकटेच वाऱ्यावर बसले होते. श्राद्धालासुद्धा आमच्याकडे याहून जास्त गप्पा होतात. मी हातातला पंखा खाली ठेवला.

जिजीनं चारी बाजूंना पाहिलं. हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, स्वतःचं ताट उचललं आणि खांबाला वळसा घालून थेट बाळाच्या टेबलाशी गेली. त्याच्या शेजारच्या मुलीला म्हणाली, "ऊठ गो बाय, माझ्या खुर्चेर जावन बस, थंय हार आसा." मग तिथूनच हाक मारली, "विजू! ताट घेवन हय ये." विजयनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पंचाहत्तरीच्या बाईला नाही कोण म्हणणार? तो आला. जिजीच्या एका हाताला बाळा, दुसऱ्या हाताला विजय. ती मधे बसून वडा मोडायला लागली.

दोघंही ताटात बघून जेवू लागले. मग विजय म्हणाला, "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नाही म्हटलं असतंस म्हणूनच विचारलं नाही," बाळा म्हणाला.

आणि मग जे सुरू झालं! सगळे गणपती निघाले, मूर्तीची उंची निघाली, कोणाच्या आरतीला कोण उशिरा आलं ते निघालं. हॉलभर माना वळल्या. कानानं अधू काकी विमावाल्याला विचारू लागली, काय म्हणतोय, काय म्हणतोय, आणि तो हौसेनं सगळं तिच्या कानात सांगू लागला. चुलत सासूबाई नीट ऐकू यावं म्हणून पंख्याखाली जाऊन बसल्या. सगळीकडे एकदम बोलणं फुटलं. भांडता भांडता दोघांनी सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा तर बाळानं विजयची वाटी वाढप्यापुढे स्वतः धरली.

"जिजीला तू ठेवून घेतलंस!" बाळा शेवटी ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"ठेवून घेतलं? सांभाळलं रे!"

"मी काय गणपती आसंय, मिरवत हाडूक नि नेवूक?" जिजी म्हणाली. तिनं हात पुसले. "माझा मी ठरवतलंय. आता थोडे म्हयने बोरिवलीक जातंय. आता बरा वाटता माका."

आणि खरंच गेली. विजय स्वतः तिला गाडीतून बोरिवलीला सोडून आला आणि तिथं जेवून आला. सगळे खूश होते. मीही होते, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण इतक्या अटी डोक्यात ठेवणाऱ्या मला, जिजी आपल्या शेजारीच हवी ही स्वतःची अट कुठे मांडायचं सुचलंच नव्हतं. दुपारी खेळ उघडला की लेव्हल एका झटक्यात सुटायची आणि मग करायला काही उरायचं नाही. चारच्या सुमाराला तिचा फोन यायचा. "टकल्याक बसयलंस काय गो?" मी हो म्हणायची. "हिरव्या साडयेच्या बाजूक?" मी तेही हो म्हणायची. ते खोटं नसायचं. एक बदाम मी तिच्या नावानं रोज फोडायची.

त्या थंडीत जिजी गेली. आजारपण नाही, काही नाही. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दोन्ही भावांनी मिळून तिचं सगळं केलं. एकमेकांना विचारून केलं, आणि त्यातही भांडले.

तेराव्याचं जेवण बाळाकडे होतं. पानं मांडली, भात वाढून झाला, वाफ निघत होती आणि सगळे भिंतीला टेकून उभे. कोणी बसेचना. आमच्याकडे आजवर कधी कोणी आपणहून बसलेलंच नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं. बसा म्हणणारी एकच होती. विजय बाळाकडे बघतोय, बाळा विजयकडे. माझी जाऊ सुषमा हातात वरणाचं भांडं घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना कोणी कुठे बसायचं. तुम्हाला येतं ते."

मला काही येत नव्हतं. एकही खुर्ची, एकही अट, काही म्हणजे काही डोक्यात येईना. मी तोंड उघडलं आणि जी मालवणी मला इतक्या वर्षांत कधी धड जमली नव्हती, ती बाहेर पडली. "बसा रे, भात निवता. विजू, बाळा, बाजूबाजूक."

कोणीतरी हसलं, कोणीतरी हुंदका दिला. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. बसल्या बसल्या, येत्या चतुर्थीला आधी कोणाकडे जमायचं यावरून त्यांची बाचाबाची सुरू झाली. बाकीचेही मग कसेही, कुठेही बसले. सुषमाच्या शेजारचं पान तेवढं रिकामं राहिलं, कारण आमच्या दोघींचं काय बिनसलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. जिजीनं ते अजून सोडवायला घेतलंच नव्हतं.

मी जाऊन तिथं बसले. पान पुढे ओढलं आणि म्हटलं, "हं, सुषमा. तू आधी बोल."