बुडबुडा दिसला की बाद

आमच्या इंजिनिअर रेजिमेंटमधून चार डायव्हर मागवले होते. ऑर्डरमध्ये कुठे जायचं ते होतं, कशासाठी ते नव्हतं. कामाच्या रकान्यात एवढंच : सेफ्टी डायव्हर, तीन महिने. मी तेव्हा नाईक होतो. यादीत माझ्याखाली लान्स नाईक कडुबाचं नाव होतं. उरलेले दोघं पंजाबकडचे, त्यांचा या गोष्टीशी फार संबंध नाही.

पाण्यात नोकरी केलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटत नसेल असा लोकांचा समज असतो. मी चौदा वर्षं डायव्हिंग केलं. त्यातला एकही दिवस भीती न वाटता गेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शूर म्हणायला नको.

कडुबा भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. माझं गाव अंबडच्या बाजूला, पण केदारखेडा हे माझं आजोळ. उन्हाळ्याची सगळी सुट्टी तिथेच जायची. कडुबा माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याला पोहायला मी शिकवलं, मामाच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून.

भोपळा सुटला की खरा खेळ सुरू व्हायचा. विहिरीच्या तळाला जायचं आणि मूठभर माती घेऊन वर यायचं. कठड्यावर बसलेली पोरं पाण्यावरून नजर हलवायची नाहीत. खाली गेलेल्याच्या तोंडातून एक जरी बुडबुडा वर आला, तरी तो बाद. माती आणली असली तरी बाद. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, आमच्या मामांच्या लहानपणीही तोच होता.

पहिल्याच वेळी कडुबा अर्ध्यात घाबरला. भसाभस बुडबुडे सोडत वर आला आणि रडायला लागला. मी त्याला पायरीवर बसवून सांगितलं, "भेव तं सगळ्यालाच वाटतं. पर तोंड उघडायचं न्हाई. जितकं जास्त भेव, तितकं तोंड घट्ट."

त्यानं ते ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यापासून तो कधी बाद झाला नाही. मी मात्र होत राहिलो.

भरतीला तो माझ्यामागे आला, डायव्हिंग कोर्सलाही माझ्यामागेच आला. कोर्सच्या पहिल्या दिवशी उस्तादनं, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्या हवालदारानं, आमची विहीर मोडीत काढली. विहिरीत आपण वर श्वास घेतो आणि खाली जातो. तीच हवा छातीत दबते आणि वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते, त्यामुळे धरून ठेवली तरी चालते. डायव्हर पाठीवरच्या सिलिंडरमधून खाली श्वास घेतो. चाळीस फुटांवर घेतलेली छातीभर हवा वर येईपर्यंत दुपटीहून जास्त फुगते. ती बाहेर सोडली नाही तर फुफ्फुस फाटतं. म्हणून वर येताना तोंड उघडं ठेवायचं, आवाज काढत यायचं, आणि आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही.

"आऽऽ करते आओ!" उस्ताद ओरडायचा. "साँस पकड़ी तो मरोगे!"

पहिल्या आठवड्यात कडुबानं तीनदा दम धरला. तिन्ही वेळा उस्तादनं त्याला पाण्यातच रट्टे दिले आणि तोंड उघडायला लावलं. मग त्याला जमलं. आम्ही दोघंही पास झालो. मला वाटलं, विहीर गेली त्याच्या अंगातून.

पोस्टिंगच्या जागी पोचलो तर समोर एक टाकी होती. गोल, सिमेंटची, चाळीस फूट खोल, वर पत्र्याचं छत. तळाशी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केलेला. एका शास्त्रज्ञ साहेबांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की हे अंतराळयानाचं बाहेरचं अंग आहे असं समजा. यानाबाहेर पडून काम करणाऱ्या माणसाला तिथे वजन नसतं. जमिनीवर तसं करून बघता येत नाही, पण पाण्यात थोडंफार येतं. म्हणून दुसऱ्या देशांतले अंतराळवीर असे पाण्यात तासन्‌तास सराव करतात. आपल्याकडे कुणाला लगेच पाठवायचं नव्हतं. साहेबांना फक्त जमतं का ते तपासायचं होतं.

सरावाची पद्धत अशी. माणसाला जाड पांढरा सूट घालायचा, डोक्यावर बंद हेल्मेट, मागून नळीनं हवा. हवेनं सूट ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखा टणक होतो आणि माणूस वर तरंगू लागतो. मग आम्ही डायव्हरांनी त्याच्या पायांना, कमरेला, दंडांना शिशाच्या पट्ट्या आणि फोमचे तुकडे लावत राहायचं. तो ना वर जाईल, ना खाली, आणि आडवा केला तर आडवाच राहील, इथपर्यंत. याला कधीकधी पाऊण तास लागायचा.

"भाऊ, ह्ये तं भोपळा आन् धोंडा एकाच टायमाला बांधल्यावानी झालं," कडुबा म्हणाला.

"बराबर तसंच हाये."

"मंग आपल्या विहिरीवर झालं असतं की. खर्चा वाचला असता सरकारचा."

सूटमधल्या माणसाला पोहता येत नाही. स्वतःचं हेल्मेट काढता येत नाही. काही बिघडलं तर तो फक्त बोलू शकतो. त्याचं बोलणं वरच्या कंट्रोल रूममध्ये आणि टाकीतल्या लाउडस्पीकरवर ऐकू येतं. त्याला वर आणायची जबाबदारी दोन सेफ्टी डायव्हरांची, एक डावीकडे, एक उजवीकडे. ती असहायता आम्हाला कळावी म्हणून प्रत्येक डायव्हरला एकदा सूटमध्ये घातलं.

माझी पाळी सोमवारी होती. हेल्मेट बसलं, कडी लागली, आणि बाहेरचा आवाज बंद झाला. माझाच श्वास माझ्या कानात वाजू लागला. खाली नेल्यावर त्यांनी मला एक नट फिरवायला दिला. हातमोजा मिटायलाच तयार नाही. दहा वेळा मूठ आवळली आणि बोटं बधिर झाली. कपाळावरचा घाम डोळ्यात आला, तो पुसायची सोय नाही. मग मनात आलं की नळी तुटली तर? पुढचं मनात येऊ न देण्यातच वेळ गेला. काचेसमोर कडुबाचं तोंड आलं. त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून ओकेची खूण केली. मीही केली. ती खोटी होती. वर आल्यावर साहेबांनी विचारलं, कैसा लगा? मी म्हणालो, बहुत अच्छा, सर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कडुबा हसला. "तू भेला व्हतास. डोळे केवढे झालते तुझे!"

"तुला न्हाई वाटलं भेव?"

"लई वाटलं. पर मी तोंड घट्ट धरलं ना."

हे बोलणं मी तेव्हाच पकडायला हवं होतं. सूटमध्ये आत हवाच हवा असते, तिथे दम धरायचं काही कारण नव्हतं. तरी त्यानं धरला होता. मीही त्याच्याबरोबर हसलो आणि विसरलो.

सातव्या आठवड्यातला बुधवार. साडेसातला हजेरी, आठला ब्रीफिंग. सव्वानऊला हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट साहेब सूटमध्ये. दहा पाचला पाण्यात. दहा चाळीसपर्यंत वजनं लागली आणि काम सुरू झालं : सांगाड्यावरची पेटी चार नट काढून सोडवायची. मी डावीकडे, कडुबा उजवीकडे, जरा खाली, साहेबांच्या पायाशी.

तिसऱ्या नटाला लाउडस्पीकर बोलला.

"कंट्रोल, सूट टाइट हो रहा है."

"प्रेशर बताइए."

"बढ़ रहा है. हाथ नहीं मुड़ रहा."

"लेफ्ट डायव्हर, व्हॉल्व्ह."

लेफ्ट डायव्हर म्हणजे मी. जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह साहेबांच्या छातीवर होता. मी दाबला. तो दबला नाही. पुन्हा दाबला. माझ्या डोळ्यांसमोर सूटच्या बाह्या फुगत गेल्या, सुरकुत्या गेल्या, आणि साहेब माझ्या हातातून वर सुटले.

अशा वेळचं ड्रिल आम्हाला पाठ होतं. सूट वर निघाला की सोडायचा. कंट्रोल नळी बंद करतं, पाण्यावर थांबलेली रबरी बोट माणसाला वर घेते. डायव्हरनं त्याच्याबरोबर जायचं नाही. मी सोडला. ड्रिल होतं म्हणून सोडला की भ्यालो म्हणून, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

कडुबानं सोडला नाही. त्यानं साहेबांचा बूट दोन्ही हातांनी धरला, आपल्या वजनानं सूटचा वेग कमी करायला. बूट हलला आणि त्याच्या तोंडावर बसला. हवेचं माउथपीस निघून बाजूला लोंबकळू लागलं. हे मी खालून पाहिलं. ते परत तोंडात घालायला एक हात सोडावा लागला असता.

लाउडस्पीकरवर साहेब ओरडत होते. शब्द नव्हते, नुसतं "आऽऽ", एकसारखं, वर जाईपर्यंत. ते दोघं उजेडाकडे चालले होते आणि मी कडुबाच्या तोंडाकडे पाहत होतो. बुडबुडे शोधत होतो. मी माझं माउथपीस दातात धरून ओरडलो, "सोड! दम सोड!" पाण्यात कुणाला ऐकू जातं? एक बुडबुडा दिसावा म्हणून मी देवाला हात जोडले.

एकही नव्हता.

मी नियमानं वर आलो. आवाज काढत, बुडबुड्यांच्या मागे. चाळीस फुटांना चाळीस सेकंद. तोवर आयुष्यात एवढी भीती मला वाटली नव्हती, आणि तरीही मला घाई करता येत नव्हती.

दहा त्रेपन्नला मी काठाला लागलो. साहेबांचं हेल्मेट काढलं होतं. ते खोकत होते, पण ठीक होते. कडुबा पायरीवर बसलेला होता. बसलेला पाहून माझ्या जिवात जीव आला.

"साहेब?" त्यानं विचारलं.

"ठीक हायेत."

त्यानं मान हलवली. मग त्याच्या ओठांवर गुलाबी फेस आला आणि तो माझ्या अंगावर कलंडला.

फुफ्फुस फाटलेल्या डायव्हरला ज्या दाबाच्या चेंबरमध्ये ठेवतात, ते जवळपास कुठे नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये अकरा वीसला तो गेला. दुपारी डॉक्टर कॅप्टननं मला समोर बसवून समजावलं. साहेब ओरडले, म्हणून त्यांची छाती रिकामी होत गेली आणि ते वाचले. कडुबा गप्प राहिला.

मी डॉक्टरांना विहिरीचं काही सांगितलं नाही. चौकशीतही सांगितलं नाही. चौकशीत कुणी विचारलंही नाही.

त्याला घरी मीच घेऊन आलो, एका नायब सुभेदार साहेबांबरोबर. जालन्यापर्यंत रेल्वे, तिथून मिलिटरीची गाडी. केदारखेड्याला गाव वेशीवर उभं होतं. त्याच्या शेतातच त्याला अग्नी दिला. आजोळचं गाव, तेव्हा कडुबाचे वडील माझे मामाच. सगळं आटोपल्यावर ते मला बांधाकडे घेऊन गेले. वाटभर मला वाटत होतं की आता ते विचारणार. त्या टाकीपेक्षा मला त्या म्हाताऱ्याची भीती जास्त वाटली.

"भाचे, एक खरं सांगा," ते म्हणाले. "पाण्यात दम तुटला का त्याचा? लोकं तसं बोलून राह्यलेत."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तोंड घट्ट धर असं मी त्याला शिकवलं होतं. ते विहिरीत बरोबर होतं. टाकीत त्यानंच त्याचा जीव घेतला. एवढी तीनच वाक्यं.

"न्हाई मामा," मी म्हणालो. "दम बिलकुल न्हाई तुटला. एक बुडबुडा सोडला न्हाई त्यानं."

मामांनी डोळे पुसले. ताठ उभे राहिले. पारावर जाऊन त्यांनी ते चार लोकांना सांगितलं, मग पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले. मी सुट्टीवर गेलो की मलाही सांगायला लावायचे. मी सांगायचो. कुणी शिकलेला माणूस कधीतरी मध्येच उठून म्हणेल, अहो, म्हणूनच तर तो गेला, या धास्तीनं मी चहा अर्धा ठेवूनच उठायचो. तसं कुणी म्हणालं नाही. मामा दोन वर्षांपूर्वी गेले, समाधानानं गेले. म्हणून आज हे लिहितो आहे.

मध्यंतरी परतूरच्या एका शाळेत मला बोलावलं होतं, अंतराळवीर सराव कसा करतात ते सांगायला. त्यांच्याकडे परदेशातल्या टाकीचं एक चित्र होतं. मधे पांढरा सूट आणि दोन्ही बाजूंना काळ्या कपड्यातली दोन माणसं, त्यातला एक जरा खाली, पायाशी. सर म्हणाले, हे अंतराळवीर. बाजूच्या दोघांबद्दल ते काही बोलले नाहीत. मी उठून चित्राजवळ गेलो आणि पायाशी असलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणालो, या जागेवर आमचा कडुबा होता. मग जागेवर येऊन बसलो.

गेल्या उन्हाळ्यात मी केदारखेड्याला जाऊन आलो. विहिरीला पाणी होतं आणि पोरांचा खेळ चालू होता, नियम तोच. एक पोरगी खाली गेली. पाणी स्थिर झालं. बुडबुडा नाही. मला माहीत होतं की विहिरीत यात काही धोका नाही. हे मी लोकांना समजावून सांगतो, मला शास्त्र पाठ आहे. तरी मी कठड्यावर उभा राहून ओरडलो, "सोड! दम सोड!" पोरं हसायला लागली.

पोरगी वर आली. मुठीत माती होती. तिनं ती विहिरीच्या कडेच्या एका सपाट दगडावर ठेवली आणि केस झटकत बसली. मी विचारलं, ही इथं कशाला ठेवली?

"पहिली मूठ कडुबाची असती, बाबा," ती म्हणाली. "तो कव्हाच बाद न्हाई झाला."

मी त्या दगडासमोर सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. तोंड घट्ट मिटून धरलं होतं. मग ते उघडलं, आणि पोरांसमोरच मोठ्यानं रडलो.