स्पेनच्या क्लबासाठी देव पाण्यात

लग्न होऊन सानपाड्याच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा हॉलमध्ये दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली होती. एक नेहमीचं, एकादशी-चतुर्थीचं, दुधाच्या खाड्यांच्या खुणा केलेलं. दुसऱ्यावर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले दणकट पुरुष ओळीने उभे. मला वाटलं, सासऱ्यांचे बोटीवरचे सोबती असतील. तसं विचारलं आणि तिथेच फसले. हातातला चहाचा ट्रे खाली ठेवायची सवड न देता त्यांनी मला स्पेनमधल्या एका फुटबॉल क्लबाचा अख्खा इतिहास ऐकवला. चहा गार झाला, तो पुन्हा मलाच करावा लागला.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते मूळचे रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी होते. तरुणपणी इंजिन बिघडून त्यांची बोट स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर एका लहानशा बंदरात कित्येक महिने अडकली. त्या गावाचा हा क्लब. मासळी डब्यात भरायच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. पुढे पगारी खेळाडू आले, पण मैदान तेच राहिलं, समुद्राला अगदी खेटून. एकदाच, एका वर्षापुरता, तो देशातल्या सगळ्यात वरच्या गटात पोचला आणि सगळ्यांकडून मार खाऊन गुपचूप परत आला. अप्पा ते वर्ष अशा थाटात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, कप जिंकून गावात मिरवणूकच काढली.

पण खरा रंग चढायचा तो होडीपाशी. कोणी जोरात फटका मारला की बॉल भिंतीवरून थेट समुद्रात जायचा. तो आणायला क्लबाने एक होडी ठेवली होती आणि त्या महिन्यांत ती वल्हवायचे आमचे अप्पा. "आपण नसतो तर मॅच अर्ध्यात थांबली असती," ते सांगायचे. "क्लबाच्या इतिहासात आपलं पण एक पान आहे." सोसायटीची मीटिंग पाण्याच्या टाकीवरून असो की पार्किंगवरून, अप्पा फिरून फिरून होडीवर यायचेच. सेक्रेटरी लगेच आभार मानून मोकळे व्हायचे. सासूबाई नुसतं म्हणायच्या, "सुटली वाटतं होडी," आणि कुकर लावायला उठायच्या.

केबल आली तेव्हा अप्पांनी टीव्हीसमोरची खुर्ची कायमची अडवली. स्पेनचे दोन बडे क्लब सारखे दिसायचे, आपला मात्र कधीच नाही. "दाबतात आपल्याला, राजकारण आहे सगळं," असं म्हणून ते टीव्ही बंद करायचे आणि माझी मालिका त्यात बुडायची.

त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा मुलगाही बोटीवर होता. दर वर्षी ते कॅलेंडर तोच आणायचा. एका उन्हाळ्यात तो जेवायला आला आणि बातमी घेऊन आला. क्लब तळाला पोचलाय. येत्या रविवारी शेवटची मॅच. ती हरले तर खालच्या गटात जातील, आणि तसं झालं तर क्लबच बंद करायचा, असं गावात बोलतायत.

"म्हणजे नापास झाला तर खालच्या वर्गात?" मी विचारलं.

"खालच्या वर्गात नाही, शाळाच बंद," अप्पा म्हणाले आणि ताटावरून उठले. ताटात सुरमई तशीच होती. आमच्या घरात हे याआधी कधी घडलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी सासूबाईंनी पूजा केली, पण देव परत देव्हाऱ्यात ठेवले नाहीत. पितळेच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचा टाक, सगळ्यांना आत बसवलं. मनासारखं झाल्याशिवाय आता बाहेर काढायचं नाही. माझ्या नवऱ्याच्या बारावीनंतर देवांवर ही पाळी पहिल्यांदाच आली होती.

"आई, परीक्षा कोणाची?" मी विचारलं.

"क्लबाची," त्या म्हणाल्या आणि वर झाकण ठेवलं.

रविवार गेला. निकाल कळायची सोय नव्हती. आपल्या पेपरात सगळं क्रिकेट, केबलवर ते दोन बडे. सोबत्याचा मुलगा पुन्हा बोटीवर गेलेला. देव पाण्यातच. अप्पा दिवसभर गॅलरीत बसून राहायला लागले. त्यांनी होडी बंद केली तेव्हा घर कसं ओसाड वाटायला लागलं. शेवटी मी स्वयंपाकघरात सासूबाईंना छेडलं, "अहो आई, व्हायचं ते रविवारीच होऊन गेलं. आता देवांना सर्दी होईल, दुसरं काय?"

त्या हसल्या नाहीत. मेथी निवडत म्हणाल्या, "होडीची गोष्ट तुला पाठ हाय. ती होडी त्यांच्या हातात का दिली, ते सांगितलं कधी ह्यांनी?"

नव्हतं सांगितलं.

"आमचा पयला मुलगा गेला, तेव्हा हे तिथं अडकलेले. तार पोचली, पण हे कुठनं येणार? बोट बंद, खिशात काय नाय. मैदान राखायचा त्या माणसाच्या बायकोनं ह्यांना रोज घरी नेऊन जेवायला घातलं. आणि त्यानं होडी दिली, मन रमावं म्हणून. मी इकडं होते. मला काय करता आलं ह्यांच्यासाठी?" त्यांनी मेथीचं पान उगाच दोनदा झटकलं. मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्या होडीला हसत होते आणि त्याही माझ्यासोबत हसत होत्या.

कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरात क्लबाचा फोन नंबर होता. संध्याकाळी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेलो. नुसती रिंग वाजत राहिली.

"दुपार असेल तिथं," अप्पा म्हणाले. "जेवून झोपले असतील."

क्लब बुडायला आला तरी दुपारची झोप मोडत नाहीत, हे ऐकून सासूबाईंना त्या लोकांबद्दल फारच आपुलकी वाटली. आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तासाभराने पुन्हा बूथवर गेलो. या वेळी एका बाईने फोन उचलला.

अप्पांची स्पॅनिश थाप असणार, अशी माझी खात्री होती. पण ते धडाधड बोलायला लागले. मग ऐकत राहिले. मग हात फोनवर ठेवून म्हणाले, "गेला खालच्या गटात."

सासूबाईंनी माझा दंड धरला.

"पण बंद करत नाहीत. गावातलीच माणसं चालवणार म्हणते." त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. "होडी आहे अजून. मी कोण, ते विचारतेय."

आणि तिथे ते अडले. सगळ्या सोसायटीला पिडणाऱ्या माणसाला त्या बाईला आपलं पान सांगता येईना. सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मी ह्यांची बायको बोलत्ये," त्या सरळ मराठीत म्हणाल्या. "आमचा मुलगा गेला तेव्हा तुमच्याकडच्या बाईनं ह्यांना जेवायला घातलं. मला तेव्हा येता आलं नाय. तिचे उपकार हायत माझ्यावर, एवढं सांगा तिला."

पलीकडे ती बाई बराच वेळ काहीतरी बोलत होती. सासूबाई मान डोलावत होत्या.

"काय म्हणाली?" मी नंतर विचारलं.

"कुणास ठाऊक. पण मधे तोंड नाय घातलं. सगळं ऐकून घेतलंन."

घरी येऊन त्यांनी देव बाहेर काढले आणि एकेक करून पुसायला घेतले. मला राहवलं नाही. "आई, क्लब तर नापास झाला."

"होऊं दे नापास," त्या म्हणाल्या. "दार उघडं ऱ्हायलं ना? उद्या कोणाचा नवरा तिथं अडकला, तर जेवायला घालतील."