सरांना दिलेलं दुखणं

आधीच सांगते, मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. जे मोजता येत नाही ते माझ्या रिपोर्टमध्ये जात नाही. घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली की मी उठून बाहेर जाते. अजूनही जाते. पण ही गोष्ट माझ्याच पोटावर घडलीय आणि टाक्यांची खूण रोज अंघोळीला दिसते... म्हणून लिहितेय.

आठवीत होते. शाळा पंचवटीतली. दिवाळीनंतर भूगोलाची क्षेत्रभेट निघाली. पेठ रस्त्याला करंजाळीच्या पुढे आतल्या बाजूला एक पाडा आहे, तिथे डोंगरउतारावरची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती बघायची आणि वहीत आराखडा काढायचा. दोन बस, आम्ही सगळे आठवीचे वर्ग.

भूगोलाच्या सरांचं नाव लिहीत नाही. नुसतं सर म्हणते. त्यांचा माझ्यावर राग होता. गणपतीच्या आधी त्यांनी माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या कानाखाली अशी मारली होती की तिच्या कानातून रक्त आलं. ती घाबरून गप्प बसली, म्हणून मी जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं. सरांना लेखी माफी मागावी लागली. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नसत. "वकीलबाई" म्हणायचे.

त्या दिवशी निघतानाच माझ्या बेंबीभोवती दुखत होतं. आईला सांगितलं नाही – तिने पाठवलंच नसतं. करंजाळी येईपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं. बस डांबरी रस्त्यालाच थांबल्या आणि आम्ही पायवाटेने वर निघालो. वीसेक मिनिटं चालल्यावर मी उलटी केली आणि खालीच बसले. उजवा पाय सरळ होईना.

सर आले. माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"काय वकीलबाई, चढ बघून पोटात दुखायला लागलं?"

नव्यानेच लागलेल्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "सर, अंग भाजतंय हिचं. एक बस द्या, मी दवाखान्यात घेऊन जाते."

"एका पोरीच्या नाटकासाठी बस पाठवायची? बसू दे इथेच. आपण परत येईपर्यंत बरी होईल."

मॅडम माझ्याजवळ थांबते म्हणाल्या, तर सरांनी त्यांना मुलींच्या रांगेबरोबर पुढे पाठवलं. मला एका मोहाच्या झाडाखाली बसवलं. पाण्याची बाटली ठेवली. माझ्या घड्याळात अकरा वाजले होते.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. ऊन सरकत होतं. मी गुडघे पोटाशी घेऊन पडले होते आणि "आई" म्हणायलाही ताकद नव्हती. तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन थांबलं. एक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर कापलेल्या नागलीचा भारा. तिने भारा उतरवला, खाली बसून माझ्या पोटावर हात ठेवला. हात इतका गार... माठाला टेकवल्यासारखा.

"कोनी बसवली तुला अठं?"

मी वरच्या वाटेकडे बोट दाखवलं. तिने तिकडे बघितलं. मग म्हणाली,

"दुखणं कोनाला देऊ?"

ताप होता, मान्य. मी तेरा वर्षांची होते, मान्य. पण मला प्रश्न समजला होता. मी विचार करून उत्तर दिलं. सरांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव – शाळेच्या फलकावर असतं तसं पूर्ण.

"बरं," ती म्हणाली आणि हात उचलला. त्या हाताबरोबर दुखणं गेलं. एकदम. मी डोळे पुसून बघितलं तर कुणी नव्हतं.

साडेतीनला सगळे परत आले. मॅडमनी आणि चार मुलींनी मला उचलून खाली आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं. मला थंडी वाजत होती, पण दुखत मात्र काहीच नव्हतं. सर सगळ्यात शेवटी आले. एक पाय बसच्या पायरीवर ठेवला आणि "आई गं!" म्हणून असे ओरडले की ड्रायव्हरने उडी मारली. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, दोन्ही हात दाबून ते पायरीवरच कोसळले.

नाशिकपर्यंत त्यांचं विव्हळणं मी मागे पडल्या पडल्या ऐकत आले. खोटं कशाला बोलू... बरं वाटत होतं.

माझं अपेंडिक्स फुटलं होतं. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. पस पोटभर पसरला होता, आणखी उशीर झाला असता तर मी हे लिहायला नसते. दुखणं मध्येच कसं थांबलं ते मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अपेंडिक्स फुटल्यावर काही वेळ आराम पडल्यासारखं वाटतं, बऱ्याच जणांना वाटतं. ठीक. तेवढं मी मानते.

पण सरांचं काय? त्यांची सोनोग्राफी, सीटी, रक्त – सगळं नॉर्मल. शेवटी त्यांचंही अपेंडिक्स काढलं. ते चांगलं निघालं. दुखणं तसंच राहिलं. शाळेच्या चौकशीत मात्र त्यांनी लिहून दिलं की विद्यार्थिनीने आजार लपवला, आणि प्रकरण मिटलं. वर्षभरात त्यांची नोकरी सुटली, एवढंच कानावर आलं होतं.

त्या बाईबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. कॉलेजात असताना मैत्रिणीला घेऊन एकदा त्या पाड्यावर गेले. तिथले एक आजोबा म्हणाले, "मोहाच्या अंगाला नागली कवा लावलीच नाय कोनी. खडक हाय सगळा."

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. आम्ही मखमलाबादला राहतो, फुलांची शेती आहे. आई अंगणात झेंडू निवडत होती. सरांबरोबर त्यांची बायको होती. मी सरांना ओळखलंच नाही, इतके वाळले होते. आईने ओळखलं. तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

"प्रणाली," सर म्हणाले. पहिल्यांदाच नावाने. "त्या दिवशी तू कुणाला माझं नाव सांगितलंस का?"

मी उत्तर द्यायच्या आत सर पुढे बोलले.

"बसमध्ये चढताना मागून एक बाई म्हणाली, 'पोरीनं दिलंय, घे.' मी वळून बघितलं तर कुणी नाही. तेव्हापासून रोज दुखतं. दुसऱ्या दिवसापासून अकराला सुरू होतं, साडेतीनला थांबतं. बारा वर्षं झाली. तू परत घेते म्हण. नुसतं तोंडाने म्हण."

"आधी काय केलंत ते सांगा. आईसमोर."

"मला वाटलं, तू नाटक करतेयस..."

"नाही. तुम्ही कपाळाला हात लावला होता."

सरांनी आईकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. ताप कळला होता मला. तरी बसवलं."

आईच्या हातातली फुलं तशीच राहिली. तेवढ्यात सर ओट्यावर वाकले, दात आवळले, कपाळावर घाम फुटला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा.

मी म्हणू शकले असते. तीन शब्द, 'मी परत घेते'. म्हटले नाहीत. आई पुन्हा झेंडू निवडू लागली.

दुखण्याचा पहिला जोर ओसरल्यावर सर भिंत धरत रिक्षाकडे गेले. त्यांची बायको दोन पावलं मागे राहिली. मला वाटलं, ही आता पाया पडणार. ती जवळ आली, पदर नीट केला आणि हळूच म्हणाली,

"ताई, घाई करू नका. बारा वर्षांत माझ्यावर हात उठला नाही."

आणि गेली.

ती बाई कोण, कुठली, तिला मीच का सापडले... मला आजही सांगता येत नाही. सरांचं दुखणं कशाचं, ते डॉक्टरांनाही नाही. सर अजून आहेत. रविवारी घरी असले की अकराच्या सुमाराला माझं लक्ष घड्याळाकडे जातं. तेवढं बघते आणि पुन्हा आईबरोबर फुलं निवडायला बसते.